खारी हवा आणि बारा व्होल्ट

मृग लागला आणि दोन-तीन दिवस नेटाने पाऊस झाला, की पेणमधले जुन्या पेट्रोल गाड्यांचे मालक एकमेकांना नव्याने ओळखू लागतात. एरवी कोणाच्या वाड्यात फियाट आहे आणि कोणाच्या पडवीत मारुती एट हंड्रेड झाकून ठेवली आहे, हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं. पाऊस लागला की सगळे एकच तक्रार घेऊन गॅरेजच्या दारात. काल संध्याकाळी गाडी बाजारात जाऊन आली. आज सकाळी सेल्फ फिरतोय, पण गाडी उचलत नाही. बॅटरी नवी आहे, टाकीत पेट्रोल आहे, मग झालं काय?

"काय नाय झालं. कॅप पुसा," हे त्यावर हायवेलगतच्या एका जुन्या मिस्त्रींचं उत्तर. साठी ओलांडलेले हे गृहस्थ तरुणपणी मुंबईत काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्स्यांवर हात बसवून आले आणि पुढे पेणला स्थिरावले. नाव छापायला त्यांनी हसून नकार दिला. रोह्यात मी ज्यांना भेटलो ते वायरमनही याच मताचे. त्यामुळे या लेखात माणसं बिननावाची आहेत आणि गाड्या नावानिशी.

पेणला अशा गाड्या जरा जास्त दिसतात, त्याला कारण आहे. एमएच-०६ हा क्रमांक ज्या कार्यालयातून मिळतो ते रायगडचं आरटीओ पेणलाच आहे. १५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची नोंदणी वाढवायची असेल, तर अलिबाग, रोहा, मुरूड, महाड अशा सगळ्या बाजूंनी लोक इथे येतात. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. तेव्हा पुष्कळांनी गाडी भंगारात दिली. ज्यांनी दिली नाही ते हौशी तरी आहेत नाहीतर हट्टी, आणि दोन्ही जातींना मिस्त्री लागतोच.

गाड्या कोणत्या, तर पहिला मान प्रीमियर पद्मिनीचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि हीच गाडी पुढे पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर. त्यानंतर डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती एट हंड्रेड आणि तिच्या पाठोपाठची ओम्नी. एखादी अॅम्बॅसॅडर, एखादी पेट्रोल जीप. नाक्या-नाक्यावर धावणाऱ्या डिझेल मिनीडोर आणि एसटी या गोष्टीत येतच नाहीत. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि डिझेल पेटवते. आगार सोडताना एसटी कितीही खोकली, तरी कॅप ओली झाली म्हणून ती कधी अडत नाही.

पेट्रोल गाडीचं सगळं गणित ठिणगीवर. बॅटरी देते बारा व्होल्ट. प्लगच्या टोकांमध्ये जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट असते. पण सिलिंडरात दाबलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणातून ती फट ओलांडायला पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब लागतो. हा दाब कॉइल तयार करते. तिच्या आत जाड तारेचे काही शे वेढे आणि बारीक तारेचे कित्येक हजार वेढे एकाच लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेले असतात. जाड तारेतून बारा व्होल्टचा प्रवाह सोडायचा आणि तो एकदम तोडायचा. चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेत हजारो व्होल्ट उसळतात. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेलं तत्त्वच हे. मोटारीत ते नीट बसवलं अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने, १९१० च्या सुमारास, कॅडिलॅकसाठी. प्रवाह तोडण्याचं काम करतात ते पॉइंट. तोडताना पॉइंटवरच ठिणगी उडून ते जळू नयेत म्हणून शेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर. मग डिस्ट्रिब्यूटरमधला फिरता रोटर आणि त्याच्यावरची कॅप मिळून तो दाब पाळीपाळीने एकेका प्लगकडे पाठवतात. फियाटची पाळी एक-तीन-चार-दोन.

इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांना मिळून सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. म्हणजे पेण ते वडखळ एवढ्याशा अंतरातही पॉइंट हजारो वेळा उघडून मिटतात. त्यांची पत्र्याची स्प्रिंग आणि फायबरचा छोटा टेकू एवढं कसं सोसतात, याचंच मला नवल वाटतं. बिघडतात त्यात नवल काही नाही.

आता हवेकडे येऊ. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पण नुसत्या पावसाने गाडी अडत असती, तर महाबळेश्वरला एकही फियाट चालली नसती. पेणजवळचा खरा मुद्दा मीठ आहे. धरमतरची खाडी थेट आत घुसलेली, खाडीकाठाला मिठागरं, आणि वाऱ्याबरोबर येणारा खारा अंश गाडीच्या प्रत्येक भागावर पातळ थर धरून बसतो. उन्हाळ्यात हा थर कोरडा असतो आणि कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळू लागतं. समुद्राच्या कच्च्या मिठातला मॅग्नेशियमचा अंश तर त्याआधीच ओलावतो. जून ते सप्टेंबर इथली आर्द्रता त्या रेषेखाली क्वचितच उतरते. म्हणून पाऊस थांबलेला असला, गाडी पडवीत कोरडी उभी असली, तरी कॅपवर खारट पाण्याचा न दिसणारा पापुद्रा तयार झालेला असतो. वीस हजार व्होल्टना प्लगमधली फट ओलांडण्यापेक्षा या पापुद्र्यावरून घसरत इंजिनाच्या लोखंडात उतरणं सोपं. ठिणगी तयार होते, पण प्लगपर्यंत पोचतच नाही.

घरी परीक्षा करायची तर रात्री दिवे बंद करून बोनेट उघडा आणि दुसऱ्या कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. कॅपवरून, प्लगकडे जाणाऱ्या जाड एचटी वायरींवरून निळसर रेषा सळसळताना दिसतात. लोडशेडिंगच्या काळात ही तपासणी रोज फुकटात व्हायची, असं मिस्त्री म्हणतात.

कोरड्या फडक्याने कॅप आतून-बाहेरून पुसली, एचटी वायरी पुसल्या, थोडी ऊब दिली, की दहातल्या बऱ्याचशा गाड्या तिथेच उठतात. ज्या उठत नाहीत त्यांची कॅप उलटी करून उजेडात धरायची. आतल्या बाजूला दोन पितळी खुंट्यांच्या मध्ये शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली, तर पुसून उपयोग नाही. ओल्या वाटेने ठिणगी वारंवार गेली की बेकेलाइट जळून तिथे कोळशाची पक्की वाट पडते, आणि कोळसा सुकला तरी वीज वाहतोच. ती कॅप गेली. काही जण अशा रेघा ब्लेडने खरवडून चार दिवस काढतात. ते अडचणीपुरतं ठीक आहे. डिस्ट्रिब्यूटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधणारे मात्र स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. इंजिन गरम होतं, आत कोंडलेली वाफ रात्री थंड होऊन कॅपच्या आतच पाणी धरते. रबरी हातमोज्याची बोटं कापून त्यातून वायरी काढायची जुनी युक्ती जास्त शहाणपणाची, कारण तिला खालून हवा मिळते. आणि हा त्रास काही फक्त आपल्याकडचा नाही. १९५९ ची ब्रिटिश मिनी एवढी नावाजलेली गाडी, पण तिचा डिस्ट्रिब्यूटर थेट पुढच्या जाळीमागे. पावसात समोरून पाणी आलं की ती भर रस्त्यात बंद पडायची.

त्यात आपला मुंबई-गोवा हायवे. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि एक तप उलटलं तरी ते रखडलेलंच होतं. त्यावर इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. एवढंच सांगतो, खड्ड्यातलं चिखलपाणी पुढच्या ट्रकच्या चाकातून थेट जाळीवर येतं आणि हादऱ्यांनी कॉइलची वायर सैल होते. गाडीची वायरिंग कोणत्या रस्त्यावर राबली आहे हे खूण पाहून सांगता येतं, असा रोह्याच्या वायरमनचा दावा आहे. नागोठण्याहून भिसे खिंडीतून आलेली गाडी आणि कोलाडच्या बाजूने आलेली गाडी ते म्हणे ओळखतात. मी परीक्षा घेतली नाही.

कॅप पुसूनही गाडी उठली नाही, की खरी तपासणी सुरू होते. इथे मिस्त्री-मिस्त्रींतला फरक दिसतो. नवखा माणूस आधी प्लग बदलतो, मग पॉइंट, मग कॉइल. कधीतरी गाडी सुरू होते, पण नक्की कशाने ते मालकालाही कळत नाही आणि त्यालाही. पेणच्या या मिस्त्रींकडे हत्यार म्हणाल तर मागच्या दिव्याचा एक छोटा बल्ब, त्याला डाग दिलेल्या दोन वायरी आणि टोकाला चिमटे. एवढ्यावर ते ठिणगी कुठे हरवली ते शोधतात.

क्रम असा. कॅपच्या मधोमध येणारी, कॉइलची जाड वायर काढायची आणि तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरायचं. हाताने नव्हे, कोरड्या लाकडी चिमट्याने किंवा रबर चढवलेल्या पक्कडीने. आसपास पेट्रोल सांडलेलं नाही हे आधी पाहायचं. सेल्फ मारला की निळी, टणत्कार करणारी ठिणगी पडली, तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळे निर्दोष. दोष पुढे, कॅप, रोटर, वायरी किंवा प्लगमध्ये. ठिणगी पिवळट, केसासारखी बारीक असेल, तर जोर कमी पडतोय. आणि अजिबातच नसेल तर दोष मागे.

मागचा दोष शोधायला बल्ब. एक चिमटा कॉइलच्या त्या बोल्टला, जिथून वायर डिस्ट्रिब्यूटरकडे जाते. दुसरा चिमटा इंजिनाला. चावी चालू करून इंजिन फिरवायचं. पॉइंट उघडले की बल्ब लागतो, मिटले की विझतो. बल्ब असा उघडमीट करत असेल तर पॉइंट काम करताहेत, आणि तरी ठिणगी नसेल तर संशय कॉइलवर किंवा कंडेन्सरवर. बल्ब सतत लागलेलाच राहिला, तर पॉइंट मिटतच नाहीत किंवा त्यांच्यावर तेलाचा, गंजाचा थर आहे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास. पॉलिश पेपरचा एक हात, मग कोरा कागद पॉइंटमध्ये धरून ओढायचा, आणि फिलर गेजने फट पुन्हा लावायची. बल्ब लागलाच नाही, तर एकतर कॉइलपर्यंत बारा व्होल्ट येत नाहीत, म्हणजे चावीचा स्विच, फ्यूज, वायर यांकडे वळायचं, नाहीतर कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय.

"आधी बघायचं, मग बदलायचं," असं ते म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे वळले. मला वाटतं, जुन्या गाडीच्या दुरुस्तीतलं सगळं यात आलं. उरलेला लेख म्हणजे या एका वाक्याच्या वेगवेगळ्या परीक्षा आहेत.

रोह्यात एका निवृत्त सरांची पद्मिनी आहे. त्यांची तक्रार वेगळीच होती. सेल्फ रडत रडत फिरायचा आणि गाडी उठायची नाही. बॅटरी बदलली. सेल्फ उघडून बुश बदलले. तरी तेच. वायरमन आले, त्यांनी सरांना पाच-सहा वेळा सेल्फ मारायला सांगितला आणि स्वतः बोनेटखाली हात घालून अॅक्सिलरेटरची केबल चाचपली.

"सर, ही केबल तापलीय."

"केबल तापेल कशी? त्यात करंट कुठे असतो?"

"नसायला पाहिजे. पण आहे."

इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं. बॅटरीचा उलटा प्रवाह परतायला इंजिनापासून बॉडीपर्यंत तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी असते, तिला सगळे अर्थिंगची पट्टी म्हणतात. खाऱ्या हवेत ती हिरवी पडत पडत कुजते, किंवा तिच्या बोल्टखालचा पत्रा गंजतो. मग सेल्फचा शे-दीडशे अँपिअरचा प्रवाह जी वाट मिळेल तिने परततो, बिचाऱ्या अॅक्सिलरेटरच्या नाहीतर चोकच्या केबलमधूनही. केबल तापते, सेल्फला ताकद मिळत नाही. त्यात सेल्फने बॅटरी दहा व्होल्टच्या खाली ओढली की कॉइललाही पुरेसा दाब मिळत नाही, आणि ठिणगी मरते. सरांच्या गाडीला लागली ती एक पट्टी आणि पत्रा घासून काढलेली चार इंच जागा. आधीचा सगळा खर्च व्यर्थ गेला होता. धाटावच्या औद्योगिक वसाहतीच्या वाऱ्याने तारा लवकर हिरव्या पडतात असं रोह्यात अनेक जण सांगतात. मला तसं ठामपणे म्हणवत नाही. खारा वारा एकटा पुरेसा आहे.

उंदरांचा उल्लेख टाळता येत नाही. पेण परिसर म्हणजे गणपतीच्या कारखान्यांचं गाव, हमरापूर-जोह्यापर्यंत घराघरात मूर्ती. शेकड्यांनी मातीचे उंदीर रंगून बाप्पाच्या पायाशी बसत असतात तेव्हा जिवंत उंदीर पावसापासून लपायला गरम इंजिनाच्या कुशीत शिरलेला असतो. एचटी वायरीचं रबर त्याला का आवडतं ते तोच जाणे. वायर बाहेरून अखंड दिसते, खालच्या बाजूला दोन दातांच्या खुणा, आणि तिथून ठिणगी बॉडीत उडी मारते. एका सिलिंडरचं मिसिंग येतं, गाडी चढावर हिसके देते आणि मालक कार्ब्युरेटर उघडून बसतो. वायरी काढून बोटांत वाकवून पाहिल्याशिवाय हे सापडत नाही.

पावसाळ्याचे दोष सकाळचे असतात. उन्हाळ्याचे दोष दुपारचे, आणि ते जास्त फसवे. गोव्याच्या दिशेने निघालेली जुनी गाडी नागोठण्यापुढे सुकेळी खिंड चढताना हळूहळू दम टाकते आणि बंद पडते. अर्धा तास झाडाखाली उभी केली की काहीच झालं नव्हतं अशी सुरू होते. मार्च २०१७ मध्ये रोहा तालुक्याशेजारच्या भिऱ्याला ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली होती आणि ती देशभर गाजली. अशा दुपारी बोनेटखाली काय होत असेल याची कल्पना करावी.

तापल्यावर मरणं आणि थंड झाल्यावर जगणं, ही लक्षणं दोन अगदी निराळ्या रोगांची आहेत. पहिला रोग पेट्रोलचा. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. मुंबईचे टॅक्सीवाले यासाठी पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे, मे महिन्यात अशी टॅक्सी रोज दिसायची. दुसरा रोग विजेचा. जुन्या कॉइलच्या आतलं इन्सुलेशन तापल्यावर दगा देतं, किंवा कंडेन्सर गरम होऊन काम सोडतो, आणि थंड झाला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. आता गंमत अशी, की अडलेला माणूस फडकं भिजवतो आणि पंपावर, कॉइलवर, सगळीकडेच पाणी मारतो. गाडी सुरू होते. पण दोष कोणता होता हे कळत नाही, आणि पुढच्या दुपारी पुन्हा खिंडीत मुक्काम.

म्हणून गाडी बंद पडलेली असतानाच, थंड व्हायच्या आत, एक वायर काढून ठिणगी पाहायची. निळी ठिणगी असेल तर फडकं पंपावर. ठिणगी नसेल तर कंडेन्सर बदलायचा, आणि तरीही नसेल तर कॉइल. यासाठी थांबण्याचा धीर आणि अंगातलं थोडं पाणी लागतं, एवढंच. पॉइंटही बोलतात. त्यांची तोंडं निळी-करडी भाजलेली असतील, एकावर खळगा आणि दुसऱ्यावर उंचवटा आला असेल, तर कंडेन्सर गेलाच समजायचं. नुसते पॉइंट बदलून भागत नाही. नवेही महिन्याभरात तसेच होतात.

मारुतीच्या बाबतीत वायरमन जरा सावध बोलतात. पुढच्या काळातल्या एट हंड्रेडमध्ये पॉइंट गेले आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक पिकअप आणि मॉड्यूल आलं. त्यावर वायर काढून हवेत लांब धरण्याचा जुना प्रयोग केला तर मॉड्यूलच मरू शकतं. तिथे जुना प्लग वायरीला लावून तो इंजिनाला टेकवायचा आणि त्याच्यावर ठिणगी पाहायची. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नवे निकष आले, कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल फवारणारं एमपीएफआय आलं, आणि पुढच्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरही उरला नाही. त्या गाड्यांना स्कॅनर लावतात. स्कॅनर चांगली चीज आहे, पण अर्थिंगची पट्टी कुजलीय असं तो शब्दांत सांगत नाही. तो दहा सेन्सरांच्या तक्रारी सांगतो, आणि पुन्हा कोणीतरी सेन्सर बदलत बसतो.

गेल्या काही वर्षांत आणखी एक भर पडली आहे. पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण वाढत वाढत २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर आलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, आणि त्याला हवेचं प्रमाणही कमी लागतं. एमपीएफआय गाडी ते काही अंशी जुळवून घेते. पद्मिनीच्या कार्ब्युरेटरचं जेट म्हणजे पितळेत पाडलेलं एक भोक. ते जुळवून घेत नाही. मिश्रण पातळ होतं, गाडी चढावर मिसिंग देते, आणि हे मिसिंग हुबेहूब ठिणगीच्या दोषासारखं वाटतं. शिवाय इथेनॉल पाणी धरतं, आणि पावसाळाभर उभ्या गाडीच्या टाकीत पाणी म्हणजे गंज. जुन्या पंपाचा रबरी पडदा फुगतो तो वेगळाच. ओळखायची खूण सोपी आहे. मिसिंग येत असताना चोक किंचित ओढायचा. गाडी सुधारली तर मिश्रण पातळ आहे, इग्निशनला हात लावू नका. बिघडली किंवा काहीच फरक पडला नाही, तर पुन्हा ठिणगीकडे या.

पीयूसीच्या चिठ्ठीत यापेक्षाही पक्का पुरावा असतो, पण ती वाचतो कोण. लोक 'पास' एवढा शब्द पाहून घडी घालतात. कार्बन मोनॉक्साइड जास्त आणि हायड्रोकार्बनही जास्त, तर पेट्रोल जादा जातंय. कार्बन मोनॉक्साइड बेताचा आणि हायड्रोकार्बन मात्र भडकलेला, तर एखाद्या सिलिंडरात पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, आणि बहुधा ठिणगी चुकते आहे. नूतनीकरणासाठी आरटीओच्या दारात आलेली गाडी पीयूसीत अडकली, की तिथले जाणते लोक मालकाला कार्ब्युरेटर नव्हे, प्लग आणि वायरी पाहायला सांगतात.

प्रश्न आता सुट्या भागांचा आहे. पद्मिनीचं उत्पादन थांबून पाव शतक होत आलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. टॅक्स्या होत्या तोवर पॉइंट, रोटर, कॅप कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायच्या. आता ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली, त्याच कुर्ल्याच्या भंगार बाजारात तिचे भाग शोधावे लागतात. नवे म्हणून मिळणारे पुष्कळसे भाग डुप्लिकेट असतात. रोटरचं पितळ कच्चं, कंडेन्सरची खात्री नाही. पेणच्या मिस्त्रींकडे जुन्या टॅक्स्यांतून काढलेल्या कंडेन्सरांचा एक पत्र्याचा डबा आहे. नव्यापेक्षा तोच माल ते आधी वापरतात, कारण जो कंडेन्सर मुंबईच्या दहा उन्हाळ्यांत टिकला त्याची परीक्षा झालेली आहे. कॉइलच्या बाबतीत फसगत आणखी सोपी. काही गाड्यांच्या कॉइलला बाहेरून एक रेझिस्टर जोडलेला असतो, म्हणून तिचा स्वतःचा रोध दीड ओहमच्या आसपास. फियाटसारख्या गाडीला साधारण तीन ओहमची कॉइल लागते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दीड ओहमची बसवली तर ठिणगी पहिल्याच दिवशी झकास पडते, मालक खूश होतो, आणि काही दिवसांत पॉइंट जळून जातात. दुकानात मीटर लावून मोजून घेतली तर हे टळतं. मोजून देणारा दुकानदार रोह्यात एक भेटला, तोही कुरकुरत.

यावर उपाय म्हणून आता बरेच हौशी मालक डिस्ट्रिब्यूटरच्या आतले पॉइंट काढून तिथे इलेक्ट्रॉनिक किट बसवतात. चुंबक आणि सेन्सर, घासणारं काहीच नाही, फट लावायला नको, सकाळची सुरुवात चांगली. रोह्याच्या सरांनीही ते बसवायचं ठरवलं. वायरमन बसवून द्यायला तयार होते. पेणच्या मिस्त्रींचा मात्र आक्षेप होता, आणि तो मला जुनेपणाचा वाटला नाही. पॉइंट मरतात ते हळूहळू, आधी कुरकुरून, आणि रस्त्यात नखाने घासूनही घरापर्यंत आणतात. किट मरतं ते एकदम. सुकेळीत त्याला घासायला काही नसतं.

तडजोड अशी झाली, की किट बसवताना पॉइंट आणि कंडेन्सर ज्या प्लेटवर असतात ती प्लेट काढून, फट लावलेल्या अवस्थेतच, वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवायची. सरांनी तिच्यासोबत एक स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज आणि कॅप पुसायला जुनं सुती फडकंही बांधलं. वायरमननी किटच्या वायरींना असा सॉकेट लावून दिला की तो ओढून काढला की जुनी वायर लगेच जोडता येते. प्लेट परत बसवायला दोन स्क्रू आणि एक बोल्ट.

"टायमिंग थोडं हलेल," वायरमन म्हणाले. "क्लॅम्पचा बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवा, इंजिन गोड वाजलं की आवळा."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात कॅप तीच हाय, सर. किट बसवलं तरी पुसायला लागणारच."